चिमट्यातला कोपरा

मास्तर, ओली फिल्म झटकली की पत्रा वाजल्यासारखा डबडब आवाज व्हायचा, तो सकाळपासून कानात आहे. सोड्याच्या गरम पाण्यातून एक्स-रेची फिल्म काढायची, दारात उभं राहून झटकायची, आणि त्या आवाजावर तुम्ही आतून विचारायचं, "निघाला का रे मानूस?" कुणाची छाती, कुणाचा मोडका हात पाण्यात विरून जायचा आणि हातात उरायचा काचेसारखा स्वच्छ कागद. त्यावर आपण साचे कापायचो. पुठ्ठा रंगाने फुगतो, फिल्म फुगत नाही, म्हणून तुमचा सगळा कारभार रद्दीतल्या एक्स-रेवर. पण तुमचा एक नेम होता. पाण्यात घालण्याआधी प्रत्येक फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची आणि कोपऱ्यातलं पांढरं नाव मोठ्याने वाचायचं. "कोनाची छाती होय थे पाहून घे. त्याले सांग, धुतो म्हून. मंगच धू." मला वाटायचं, म्हाताऱ्याचं खूळ आहे.

तुम्ही शाळेत चित्रकलेचा तास घ्यायचात, मी तुमचा विद्यार्थी, पण जीव माझा मराठीच्या पुस्तकात. पाट्या रंगवायच्या तुमच्या दुकानात हाताखाली आलो तरी ब्लेड चालवताना ओठांवर शाळेतलीच कविता. एकदा 'व' कापताना पोटातला तुकडा धरून ठेवणारा पूल मी कापून टाकला. तुम्ही खाली वाकलात, तो तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. "कवी, तुह्या 'व'चं पोट पडलं पाह्य. ठेव खिशात, सासरी दाखवजो." आठ दिवस तुम्ही मला कवीच म्हणत होता.

मग स्टेशनजवळच्या सेठने व्हिडिओ गेमच्या पेट्या आणल्या. दोन्ही बाजूंच्या प्लायवर चित्र हवं होतं, सगळ्या पेट्यांवर एकसारखं. तुम्ही आकाशात झेपावणारं विमान काढलंत. पिवळ्याचा साचा वेगळा, तांबड्याचा वेगळा, काळ्या रेषेचा सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक साच्याला दोन खुणेची भोकं, म्हणजे रंगावर रंग बरोबर बसतो. काळ्यासाठी मोठी फिल्म लागणार होती. तुम्ही म्हणालात, "धुऊन ठेव, मी जेवून येतो." जेवायला जाताना तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत खोकत गेलात, ते मला ऐकू येत होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. लहान होतो म्हणून सुटावं, असं नाही. सोड्याची वाफ निघतेय, बाहेर ढग आलेत, आणि मला पाचवीतली ढगांची कविता आठवतेय. टेबलावर मोठी फिल्म दिसते. मी ती चिमट्याने कोपऱ्यात धरतो आणि पाण्यात सोडतो. खिडकीपाशी जात नाही. नाव वाचत नाही. फासळ्या एकेक करून निघून जातात, मी कविता म्हणतच राहतो. झटकून चिमटा सोडला तेव्हा चिमट्याखालचा तेवढा कोपरा काळाच राहिला होता. खांद्याच्या हाडाचा तुकडा, आणि त्यावर तुमचं नाव.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायची फिल्म होती ती, मास्तर. तुम्हीच टेबलावर काढून ठेवली होती, पाकिटात घालायला. मी त्या कोपऱ्यावर काळा ऑइल पेंट फासला. साच्याच्या कडा तशाही रंगाने माखलेल्याच असतात. तुम्ही आलात, पाकीट उघडलंत, टेबलाखाली पाहिलंत. "माही फिल्म पाह्यली का रे?"

"नाही, मास्तर."

"काऊन सापडून नाही राहिली मंग?"

मी साचा कापत होतो. खाली मान घालून कापत होतो, आणि एकही पूल तुटला नाही. इतका नेटका साचा मी आधी कधी कापला नव्हता.

तुमच्या घरी बाईंनी तुम्हाला किती वेळा म्हटलं, दुसरी काढा. तुमचं एकच, "फिल्मच नाही त डॉक्टरले का दाखवू? अन् खोकलाच त होय." पेट्या रंगवून झाल्या. धान कापून झालं. होळीच्या आधी तुम्ही गेलात. जाण्याच्या चार दिवस आधी तुमच्या मुलीच्या हाती साच्यांची ट्रंक माझ्या घरी पाठवलीत, आणि निरोप, "कवीले द्या, दुसऱ्याले नोको." ती ट्रंक मी पलंगाखाली ढकलली ती आजवर उघडली नाही. स्वतःचे साचे नव्याने कापले. लोकांना सांगायचो, मास्तरांचे साचे उंदरांनी कुरतडले.

परवा नागपूरहून एक माणूस आला. जुन्या गेमच्या पेट्या गोळा करायचा त्याला नाद. इथल्या एका राईस मिलच्या गोदामात आपली एक पेटी त्याला सापडली, पाठीमागे दुकानाचं नाव पाहून विचारत विचारत माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, जसं होतं तसंच पाहिजे, नवीन काही नको." जुनं विमान पोपडे धरून गेलं होतं, एक पंख तेवढा शिल्लक. हाताने काढलं असतं तर वेगळं झालं असतं. म्हणून त्याच्यासमोरच ट्रंक उघडली.

पिवळा बसला, तांबडा बसला. खुणेची भोकं अजून बरोबर जुळतात. काल दुपारी काळा साचा काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. इतक्या वर्षांनी तुमचा नेम पाळला म्हणा. पाहतो तर कोपऱ्यावरचा रंग नाही. पडला नव्हता, खरवडला होता. ब्लेड आडवं धरून, फिल्मला ओरखडा न पडू देता. तसं ब्लेड या गोंदियात एकच माणूस धरायचा. तुमचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून? दुसऱ्या दिवसापासून, की ट्रंक बांधताना कळलं? माहीत असून बोललात काऊन नाही? एक शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तर मी बोललो असतो. मग तुम्ही दुसरी फिल्म काढली असती. हेही मी तुमच्यावरच ढकलतो आहे, कळतं मला.

हे तुम्हाला लिहून कुठे टाकायचं, ठाऊक नाही. आज काळा रंग मारायचा होता, अजून मारला नाही. साचा खिडकीला टेकवून ठेवला आहे. इथवर लिहिलं आणि दार वाजलं. नागपूरवाला असेल म्हणून गेलो. दारात तुमची मुलगी. केस पांढरे झालेत, रायपूरहून एकटी आली आहे. म्हणाली, "दादा, त्या नागपूरवाल्यानं नंबर शोधून फोन केला होता. बाबाचे साचे आहेत म्हणे अजून. मले एक पाहू द्या ना."

तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि आत आलो. तुम्हाला खोटं सांगत नाही, मास्तर. आत येऊन मी आधी खिडकीतला साचा उलटा केला, तुमच्या नावाचा कोपरा चौकटीआड जाईल असा.