दंडातली सुई

प्रिय नंदू,

फोनवर हे बोलता येत नाही, कारण आईचा फोन कायम स्पीकरवर आणि आई कायम शेजारी. म्हणून लिहितेय. छकुली काल घरी आली. बारा दिवस दवाखाना! सव्वा महिन्याचं पोर, उबळ आली की निळं पडायचं आणि मी नुसती बघत बसायची. डांग्या खोकला. बाळाची स्वतःची लस दीड महिन्यापासून सुरू होते. तोवर आईनं पोटुशी असताना घेतलेल्या लसीचाच त्याला आधार, असं डॉक्टर म्हणाले. तो आधार माझ्या लेकीला नव्हता.

तेव्हापासून घरात नुसती धुसफूस चाललीय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. कोडोलीत सासूबाई म्हणाल्या, "म्हायेरचं डॉक्टर देत्यात की." इथं आई समजली, सात महिने सासरी होती, तिकडं झालंच असणार. आता दोघी विहिणी एकमेकींच्या नावानं खडे फोडतायत. डोहाळजेवणाला गजरे, फोटो, पाच तऱ्हेचे भात सगळं आठवलं, दंडात सुई टोचायची तेवढी एकालाही आठवली नाही! आणि बाबा? खोकला असताना नातीला मांडीवर घेतलं म्हणून, बरे झाले तरी तोंडाला रुमाल बांधून बाहेर पायरीवर बसतात. आत येतच नाहीत. मला ते बघवत नाही गं.

सगळ्यांवर चिडते, पण खरा राग माझाच मला येतोय. आठव्या महिन्यात इथल्या डॉक्टर मॅडमनी सरळ विचारलं होतं, ही लस झाली का? लसींच्या नोंदीचं कार्ड कोडोलीला कपाटात राहिलेलं. नाही म्हटलं तर चारचौघांत बोलणी खावी लागणार, आणि सुईची मला किती धास्ती ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "झालंय की." लस घेतली असती तर खोकला झालाच नसता असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, पण बहुतेक इतकं जिवावर बेतलं नसतं म्हणतात. हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

गुरुवारी तू नेसरीहून बाळंतपणाला येणार. परवा आईनं फोनवर लसीचं विचारलं आणि तू पटकन म्हणालीस, "झालंय की." नंदे, मी तुझी थोरली बहीण आहे. असं कधी बोलतात ते मला कळतं. निघायच्या आधी गप डॉक्टरांकडं जा, इंजेक्शन घे आणि कार्ड आठवणीनं सोबत आण. तुझे अमरसिंह छकुलीला बघायला आलेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत त्यांनी वाचलं तर वाचू देत, कारण मी आता छकुलीला घेऊन पायरीवर बाबांकडं चाललेय, खरं सांगायला.

तुझीच,
संयोगिताताई