व्हिनेगर, सोडा आणि मेहुणा

३ जून
मुलीची केमिस्ट्री कच्ची. रविवारी मामाकडे शिकायला जाऊ का, असं विचारत होती. मेहुणा कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो म्हणून काय झालं? घरात मी असताना? मीच शिकवणार. संकल्प पक्का. सुरुवात उद्या.

५ जून
काल डोकं जड होतं. आज प्रात्यक्षिक. बाथरूमच्या दोन्ही नळांवर क्षारांचे पांढरे थर चढलेत. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा ओतला. काय फसफसलं! मुलगी म्हणाली, एक आम्ल, दुसरी आम्लारी. दोन्ही एकमेकांना मारतात, उरतं ते जवळजवळ पाणीच. पुस्तकी ज्ञान. फेस तिनेही पाहिला होता.

६ जून
नळ होते तसेच. मिश्रण मुरायला वेळ लागतो.

९ जून
मिश्रण लावून वर घासणीने दणकून घासलं. थोडा थर निघाला. मुलीचं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. बायको म्हणाली, खांदा धरलाय ना तुमचा, मग थर घासणीनेच निघाला. दोघींना माझं यश बघवत नाही.

१२ जून, सकाळ
मुलीने पैज लावली. दोन सारख्या बाटल्या. एकीत माझं मिश्रण, दुसरीत नुसतं व्हिनेगर. कुठलीत काय, ते फक्त बायकोला ठाऊक. फडकी भिजवून नळांना गुंडाळायची, घासायचं नाही. मी हरलो तर मामाची शिकवणी. आनंदाने कबूल.

१२ जून, दुपार
डावा नळ आरशासारखा. उजवा जैसे थे. डावा माझा, हे मी दारातूनच ओळखलं. मेहुण्याला फोन करून कळवलंही. मग बायकोने सांगितलं. डावीकडे व्हिनेगर होतं.

१३ जून
उजवा नळ मुळातच खराब असणार. मुलगी शांतपणे म्हणाली, 'मग त्यालाच व्हिनेगर लावून बघू या.' लावलं. लखलखला. बायकोने माझं उरलेलं मिश्रण मोरीत ओतलं. ते जास्त लागलं.

१९ जून
मुलीला मामाकडे सोडायला गेलो. दारात तिने माझी बाही धरली. 'थांबा ना बाबा. मला या विषयाची भीतीच वाटते.' थांबलो. केवळ तिच्यासाठी. मेहुण्याने वाटीत काहीतरी ओतून दोघांना एकेक लिटमसचा कागद दिला. मी पटकन बुडवला. बाहेर काढला तर लाल. आम्ल, असं मी तिच्याआधी जाहीर केलं. मेहुणा खिडकीबाहेर बघू लागला. मुलगी माझ्या कानाशी आली.

'बाबा, तुमचा कागद आधीपासूनच लाल होता.'