तारांची पंगत

आमली, सिल्वासा
रविवार संध्याकाळ

तीर्थरूप सुकदेवमामा,

भाचा समाधानचा वाकून नमस्कार. तुमच्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण आई म्हणते हल्ली तुमच्या घरात त्याचंच चालतं. इकडे मी आणि कावेरी मजेत आहोत (तिला सर्दी आहे, पण ती सांगू नको म्हणाली). तुम्ही फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवता असं कळलं, म्हणून हा कागद. दुर्गामामी गेल्यापासून तुम्ही एकटेच जेवता, तेही सगळ्यांचं आटोपल्यावर, हेही आईनंच सांगितलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मी कंपनीचं लिहितो.

सायलीतल्या आपल्या सूतकंपनीत तुम्ही बसवलेला तो स्टोरेज स्विच आठवत असेलच. (न आठवायला काय झालं, मामीपेक्षा जास्त वेळ तुम्ही त्याच्याजवळ घालवलात, हे तिचं वाक्य.) सगळ्या कंपनीची माहिती साठवणारी कपाटं आणि ती मागणारी यंत्रं ज्या पेटीत एकमेकांना भेटतात, ती पेटी. तिचा आतला सांगाडा, ज्याला आपण चासी म्हणतो, बिघडला. तेव्हा नवी रिकामी चासी आली आणि जुनीतले पंखे, कार्डं, वीजपुरवठा, सगळं उचलून नवीत बसवायचं ठरलं. थोडक्यात, भाडेकरू तेच, खोली नवी. आज रविवार, मशिनं बंद, म्हणून आज. उद्या सकाळी पहिली पाळी सुरू होताना पेटी चालली नाही तर माल निघणार नाही आणि माझी नोकरीही राहणार नाही, असं आमच्या प्रसादसाहेबांनी फार प्रेमानं सांगितलं.

मुंबईहून तेजस्विनी नावाची इंजिनियर आली होती. पोरगी हुशार. तारा काढण्याआधी तिनं फोटो काढले, प्रत्येक तारेवर तुमच्या हातची पट्टी बघून खूश झाली आणि धडाधड सगळ्या तारा उपसल्या. मग पॅकिंगमधला वाल्मिक तीन गडी घेऊन आला आणि त्यांनी जुनी चासी रॅकमधून अशी बाहेर काढली की मला वाटलं आता मोरया म्हणतात. म्हणाले नाहीत, पण "धीमे धीमे, आस्ते" एवढं चौघंही चार भाषांच्या सुरांत म्हणत होते. नवी चढली, स्क्रू बसले, पंखे घुमले. मला तुमच्यासोबतचा तो पहिला दिवस आठवला. स्क्रू माझ्या हातात होते, तुम्ही रॅकमध्ये मान घालून "दे" म्हणायचात, आणि दुपारी मामी फाटकावर डबा घेऊन आली होती, भरीत आणि कळण्याची भाकरी. आपण दोघं जेवलो आणि ती उभीच राहिली. मामा, ते दिवस बरे होते.

तर तारा परत लावायची वेळ आली आणि तेजस्विनीनं विचारलं, "समाधानभाऊ, ये बारकू कौनसा सर्व्हर है?" पट्ट्यांवर आकडा एकही नाही. बारकू, झुंबर, तानूबाई, नवनाथ. तिला वाटलं होतं ही यंत्रांची लाडाची नावं असतील. फोटोंत नावं दिसत होती, पण तुम्ही तारा इतक्या टापटीप बांधल्या होत्या की कुठली पेटीच्या कुठल्या खिडकीत, म्हणजे पोर्टमध्ये, जाते ते मात्र झाकलं गेलं होतं. सगळ्या तारा राखाडी, आणि एक जरी चुकीच्या खिडकीत गेली तरी त्या खात्याचं काम ठप्प. तेजस्विनी कंपनीला फोन लावत होती, प्रसादसाहेब माझ्याकडे बघत होते, आणि मी तांदळाच्या डब्याला शिव्या देत होतो.

मग डोक्यात उजेड पडला: ही तर आपली माणसं, आणि तुम्ही तारांनाही त्यांच्या पंगतीतल्या जागीच बसवलं असणार. धाकट्या मावशीचं लग्न, वरण-बट्टीची पंगत, आणि कोण कुठे बसणार हे ठरवणारे तुम्ही. बारकूकाका दाराशी, कारण बिडीला उठावं लागतं. झुंबरतात्या पार दुसऱ्या टोकाला, कारण बैलाच्या भांडणापासून दोघं बोलत नव्हते. मधोमध तानूबाईआजी, तिला ऐकू येत नाही, म्हणजे कागाळी करून उपयोग नाही. नवनाथ स्वयंपाकाजवळ, त्याला वाढून वाढून वाढणाऱ्यांचे हात दुखतात. मी डोळे मिटून एकेकाला बसवत गेलो आणि एकेक हिरवा दिवा लागत गेला. (त्यांतले निम्मे आता नाहीत, मामा. पण दिवे लागले.)

शेवटी हातात एकच तार उरली. दुर्गा. पंगतीत जागा नव्हती. मी सगळी रांग पुन्हा पुन्हा आठवली, मामी कुठेच बसलेली दिसेना. दिसणार कशी? ती हातात वरणाची बादली घेऊन उभी होती, सगळ्या ताटांवर नजर ठेवून. मी पेटीकडे नीट बघितलं. रांगेपासून दूर, कडेला एक एकटी खिडकी असते, सगळ्या खिडक्यांवर लक्ष ठेवणारी. पुष्कळ ठिकाणी ती रिकामीच ठेवतात म्हणून तारा उपसताना तेजस्विनीनं तिकडे लक्षच दिलं नव्हतं. तिथे मामीला लावलं आणि लॅपटॉपवर सगळी पंगत दिसायला लागली. मी पेटीतली धूळ डोळ्यात गेली असं सांगितलं. नव्या पेटीत धूळ कुठली, पण पोरगी समजूतदार, तिनं पेटीवर एक फुंकर मारली.

एकूण काम झालं, नोकरी राहिली. काळजी नसावी. गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा,
समाधान

ता. क. (बुधवार) पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. प्रसादसाहेबांनी सोमवारी तुमच्या पट्ट्या काढून आकडे लावायला आणि तारा आकड्यांप्रमाणे नव्यानं मांडायला लावल्या (खिडक्यांच्या नोंदी तेजस्विनीनं मुंबईहून बदलल्या). त्यात बारकूकाका आणि झुंबरतात्या शेजारी आले. तेव्हापासून दोघांचेही दिवे नारिंगी, म्हणजे काम रखडत. तेजस्विनी फोनवर म्हणते तारेचं टोक खराब असेल. मला बैलाचं भांडण आठवतं. दोघांना पुन्हा नीट बसवायला माणूस लागणार, आणि साहेब तुम्हाला खर्चासकट बोलवायला तयार आहेत.

ता. क. दुसरा. खरं सांगतो, ते दिवे मी कालच टोकं बदलून हिरवे केले. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही या. मामीची पट्टी मी काढू दिली नाही, ती तुम्हाला दाखवायची आहे. कावेरी बट्ट्या करणार आहे आणि ती उभी राहून वाढणार नाही, आपल्या सोबत बसणार आहे. मामी सगळ्यांच्या मागून एकटी जेवायची, तेव्हा आपण दोघांनीही तिला कधी बस म्हटलं नाही. आता तिच्या बदल्यात तुम्ही मागून एकटं जेवू नका, मामा. तुम्ही आल्याशिवाय आम्ही ताटं घेणार नाही.