तबेल्यातले घोडे

पेठ रोड, नाशिक
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. तेजू,

सप्रेम जय भीम.

आधी हिशेब. महिला बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या लढतीतला तुझा शेवटचा डाव दुकानात बसून बघायला मला काय पडलं, ते सांगतो. मोठा टीव्ही बंटीचा, तो फुकट. लंकाबाईने दिवसभर चहा पुरवला आणि पैसे निम्मेच घेतले, म्हणाली, बाकीचा पोरीच्या नावाने माझ्याकडून. पेठच्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची जळालेली मोटार त्या दिवशी नवी तार भरून द्यायची होती, ती दिली नाही. तो पुन्हा आला नाही, त्याचा भाऊही आला नाही. एवढं धरून मी तेव्हा सगळ्यांना म्हणालो होतो, स्वस्तात पडलं. आता दोन महिने होत आले. मी फोन केला की तू 'हो पप्पा, बरी आहे पप्पा, ठेवते पप्पा' म्हणतेस आणि ठेवतेस. हे त्या हिशेबात नव्हतं.

घरी ठीक आहे. यंदा थंडी जास्त. आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो, उन्हात बसली की चालू होतो. दुकानातला जुना बाक मोडला होता, त्याला नवा पाय लावला. बसलं की अजून करकरतो, पण पडत नाही.

तू आईशी बोलतेस तेव्हा मी पेपर वाचत असतो असं तुम्हा दोघींना वाटतं. माझे कान तुला माहीत आहेत. मोटार न उघडता बेअरिंग गेलंय की पंखा घासतोय ते मी सांगतो, मग बायकोच्या कानाला लावलेल्या फोनमधली पोरगी ऐकू येणार नाही का? गुरुवारी तू दोनदा खोकलीस. सुंठ घे. आणि पुढच्या वर्षीच्या निवड स्पर्धेचा अर्ज तू भरत नाहीयेस, तेही ऐकलं. आई म्हणाली, "पप्पांना सांगू का?" तर तू म्हणालीस, "त्यांना पट्टी सांगेल."

मी पेपर उलटा धरलेला नव्हता, एवढंच.

त्या दिवसाचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल. तुझ्यापर्यंत ती एक क्लिप पोचली, बाकीचं दुकानातच राहिलं. म्हणून सांगतो.

सकाळपासून पंधरा-वीस माणसं. बंटीने त्याचं मोबाइलचं दुकान बंद ठेवलं. चाळिशी उलटली तरी बंटीच तो, आणि कॉम्प्युटर म्हणेल ती पूर्व दिशा. लियाकतभाई मनमाडहून पहाटेच्या गाडीने आले. रेल्वेतून रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी गाडीला लेट म्हटलेलं त्यांना चालत नाही. तू नऊ वर्षांची असताना याच बाकावर त्यांनी तुला पहिला पट मांडून दिला. मग ते मनमाडला गेले की तुला खेळायला कोणी नसायचं, म्हणून मी बसायचो. माझे घोडे मी जागचे हलवायचो नाही आणि तू टाळ्या पिटायचीस, "पप्पांचे घोडे तबेल्यात." मी म्हणायचो, शहाणा माणूस घोडे जपून ठेवतो. तू जिंकायचीस आणि मी मुद्दाम हरलो म्हणून रुसायचीस.

टीव्हीच्या कडेला कॉम्प्युटरची ती उभी पट्टी. पांढरी वर चढली की पांढऱ्याचं चांगलं, खाली आली की काळ्याचं; तुझ्याकडे पांढऱ्या सोंगट्या. मला ती बघताक्षणी आवडली. आपल्या टेस्टिंगच्या फळीवरचं मीटरच म्हण ना. आणि दुपारनंतर ती जी वर जायला लागली, तेजू, थांबेचना.

"चारच्या वर गेली," बंटी म्हणाला. "डाव संपला. पेढे मागवा."

"कोणाचा संपला?" लियाकतभाई. "पोरीच्या घड्याळात तीन मिनिटं उरलीत, ती बघ. तुझ्या पट्टीला घड्याळ आहे का?"

"चाचा, कॉम्प्युटर आहे तो."

"मग त्यालाच पाठवायचा होता. तिला कशाला तिकीट काढून दिलं भुवनेश्वरचं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण नजर पट्टीवर. मग पडद्यावर बाण आला. घोडा द्यायचा. घोडा दिला की पुढे अकरा चालींनी वजीर मिळतो, असं काहीतरी तो इंग्रजी बोलणारा सांगत होता आणि बंटी मराठीत ओरडत होता. मग सगळ्या दुकानाने एकच धरलं, घोडा दे, घोडा दे. रस्त्यावरचे लोक आत डोकावले. त्यांना वाटलं, रेस लागलीय.

एकटे लियाकतभाई गप्प. मी विचारलं, "काय हो?" तर म्हणाले, "झुंबरभाऊ, मला तर तो घोडा द्यायची हिंमत होणार नाही. मला काहीच दिसत नाही तिथे. वजिराने शह देत राहीन मी."

"म्हणून तुम्ही मनमाडला राहिलात," बंटी म्हणाला.

या गोंधळात माझा फोन वाजला. मोटारीच्या घरघरीतसुद्धा तुझ्या फोनची वेगळी रिंग मला ऐकू येते, तशी आली. नाव तुझंच होतं. पण समोर पडद्यावर तू बसलेली, कपाळाला हात लावून. डावाच्या वेळी तुझा फोन स्नेहाकडे असतो हे मला माहीत, तुझ्याबरोबर मैत्रीण म्हणून तीच गेली होती. म्हटलं, स्नेहा असेल, काहीतरी विचारत असेल, नंतर बघू. कापला.

मग तू वजिराने शह दिलास. परत दिलास. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, तुम्ही दोघींनी हात मिळवले, बरोबरी. पट्टी मधोमध आली. दुकान असं गार पडलं, जसं मीटरवरचा फ्यूज उडाल्यावर पडतं.

त्यात तो लोकल चॅनलवाला माईक घेऊन उभा. मी काय बोललो ते तू ऐकलंच आहेस, अर्ध्या नाशिकने ऐकलं. "जिंकलेला डाव होता. मशीन खोटं बोलत नाही. पोरगी घाबरली. मी असतो तर डोळे मिटून घोडा दिला असता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आपण फार मोलाचं बोललो. दुसऱ्या दिवशी टाय-ब्रेकचे झटपट डाव झाले आणि तू दोन्ही हरलीस. मी ते बघितले नाहीत. दुकानात मोटारी साठल्या होत्या असं सगळ्यांना सांगितलं.

क्लिपबद्दल माफी मागतो. ती मी फोनवरही मागितली होती आणि तू "ठीक आहे पप्पा" म्हणाली होतीस. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. ज्यासाठी लिहितोय तिथे यायला मला तीन पानं लागली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

डाव संपून इतके दिवस झाले तरी दुकानातला वाद काही संपेना. रोज संध्याकाळी बंटी आणि दुसरे दोघंतिघं, बाकावर पट, पटावर तुझ्या डावातली तीच स्थिती. शेवटी लियाकतभाई एका रविवारी परत आले आणि बंटीला म्हणाले, "बस. तुझी ती जिंकलेली बाजू घे. तुला बाण माहीत आहे, घोडा दे, पुढचं मला करून दाखव. मोबाइल झुंबरभाऊकडे ठेव." बंटीने ऐटीत घोडा दिला. वीस मिनिटांत हरला. म्हणाला, एक चाल चुकली, परत मांडू. परत हरला. मग म्हणाला, चाचा, तुम्ही कॉम्प्युटरसारखं खेळत नाही आहात, म्हणून गडबड होतेय.

लियाकतभाईंनी सोंगट्या डब्यात भरल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोटार आली की तुम्ही आधी कान लावता. मीटर मागाहून. पोरीच्या वेळी उलटं का केलंत?"

मी चहा सांगायला बाहेर गेलो.

आता मूळ गोष्ट. मागच्या सोमवारी पुन्हा तोच वाद निघाला. कोणीतरी म्हणालं, एवढा कॉम्प्युटर हातात असताना बाहेरचा माणूस खुणा करून खेळाडूला सांगत नसेल कशावरून? बंटी म्हणाला, "जमणारच नाही. आपण लाइव्ह म्हणून बघतो ते पंधरा मिनिटं जुनं असतं. मुद्दाम उशिरा दाखवतात. आपण घोडा दे, घोडा दे ओरडत होतो ना काका, तेव्हा तिचा डाव कधीच संपला होता."

सगळे हसले. मी हातातली मोटार खाली ठेवली.

तुला आठवतं, इगतपुरीच्या स्पर्धेत तू पहिल्यांदा एकटी आत गेलीस आणि बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं, काय खाल्लंस? त्या दिवसापासून आपलं तेच ठरलं. डाव संपला की तू पहिला फोन मला करणार आणि मी जिंकलीस का असं विचारणार नाही, काय खाल्लंस विचारणार. तू "काही नाही" म्हणायचीस, मी रागवायचो, तू हसायचीस. निकाल मला नंतर कुठूनतरी कळायचा. सतरा-अठरा वर्षं हे चाललं. त्या दिवशीही बंटीला मी छाती फुगवून सांगत होतो की पोरीचा फोन मी दुसरी रिंग होऊ देत नाही.

गुरुवारी रात्री स्नेहाला फोन लावला.

"स्नेहा, त्या दिवशी डाव चालू असताना तू मला फोन केला होतास का?"

"नाही काका. डाव चालू असताना मी कशाला करू?"

"तेजूच्या फोनवरून आला होता."

"तो तिनेच केला होता. बाहेर आल्या आल्या माझ्याकडून फोन घेतला तिने. आम्ही जिन्यातच होतो." मग हळूच म्हणाली, "तुम्ही कापलात."

"मग काय म्हणाली ती?"

"काका, जाऊ द्या ना आता."

"सांग."

"म्हणाली, पप्पांनी बघितलं वाटतं. मग परत लावला नाही. जेवायलाही आली नाही. रात्री कोणीतरी ती क्लिप पाठवली."

मी फोन ठेवला. आई म्हणाली, कोणाचा होता, मी म्हटलं, गिऱ्हाईक.

तेजू, तू दोन महिने असं धरून चाललीस की पप्पांनी बरोबरी बघितली, राग आला आणि फोन कापला. मग क्लिप ऐकलीस आणि तुझी खात्री झाली. मी तुझ्या जागी असतो तर माझीही झाली असती. पण मी ती बरोबरी बघितलेलीच नव्हती. माझ्यासाठी तू अजून पटावर बसलेली होतीस. पडद्यावरची तू नीट दिसावी म्हणून मी जिन्यातून आलेला तुझा फोन कापला. यात माझा राग नव्हता. मूर्खपणा होता, तो मान्य. फोन उचलला असता तर तू म्हणाली असतीस, काही खाल्लं नाही. मी म्हटलं असतं, जा, आधी खा. मग रात्री जेवून झोपली असतीस आणि सकाळी झटपट डावाला बसली असतीस. जिंकली असतीस की नाही, ते मी म्हणत नाही. ते म्हणणं मी सोडलंय. पण उपाशी बसली नसतीस. आणि चॅनलवाला आला तेव्हा तुझा आवाज ताजा माझ्या कानात असता, मग तोंडातून ते शब्द निघाले नसते.

हे मी फोनवर सांगू शकलो असतो. तू 'ठेवते' म्हणायच्या आत सांगून होणार नाही, याची भीती वाटली.

अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे असं बंटी म्हणतो. तू भर किंवा नको भरूस. नोकरी आहे, पुण्यात घर लावलंयस, खेळायचं नसेल तर तो तुझा निर्णय आणि मी त्यावर कोणाच्या माईकसमोर बोलणार नाही. फक्त माझ्या कापलेल्या फोनमुळे सोडू नकोस. दुसऱ्या कुठल्याही कारणाने सोड.

टीव्ही बंटीला परत दिलाय. बाक आहे. लियाकतभाई आता शनिवारी येतात, रविवारच्या गाडीने जातात. तुझी चौकशी करतात, मी म्हणतो, बरी आहे.

आई विचारतेय कोणाला एवढं लिहितोस. सांगितलं, तुला. तिने सुंठीचा डबा काढून पिशवीत ठेवलाय, कोणी पुण्याला जाणारं मिळालं की पाठवते.

काय खाल्लंस, ते कळव.

फोन उशाशी घेऊन झोपणारा,
तुझा पप्पा

ता. क. तुझ्याशी खेळताना मी मुद्दाम कधीच हरलो नाही. घोडा कसा चालतो ते मला काल लियाकतभाईंनी शिकवलं. त्याआधी येत नव्हतं.