ज्यानं हो म्हटलं त्यानं

बाई,

आज छापखान्यात प्रूफं तपासायला एका पोरीची मुलाखत झाली आणि पुन्हा आमचं जुळलं नाही. मालकांचा मुलगा आणि आताचे मॅनेजर नको म्हणत होते, मी एकटी हो म्हणत होते. असं झालं की काय करायचं, तो नियम तुमच्याच वेळचा, सन ऐंशी उलटलं तरी चालू आहे: ज्यानं हो म्हटलं त्यानं त्या माणसाला वर्षभर आपल्या जोडीला बसवायचं आणि त्याच्या चुकांची बोलणी आपण खायची. त्यामुळे फुकटचं हो कोणी म्हणत नाही. भलेभले तिथं गप्प बसतात.

माझ्या वेळी तुम्ही गप्प बसला नाहीत. मी खाप्याहून पहिल्या बसनं आले होते. हात हलवत परत गेले असते, तर घरचे एका बिजवराला होकार कळवायला टपलेलेच होते. तुम्ही तिघं टेबलापलीकडे. प्रूफ तपासताना एकीनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामसुद्धा तोंडानं म्हणायचे आणि दुसरीनं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची, एवढं मला समजावलेलं. मी वाचू लागते. कथेतली सासुरवाशीण माहेरी निघालेली असते, नदीला पूर असतो, आणि तेवढ्यात पान संपतं. मी मान वर करून विचारते, "मंग पोहोचली का जी माहेरी?"

मालक हसले. मॅनेजर म्हणाले, "हिचं ध्यान गोष्टीत जाते. चुका कोण पाहीन? मले नाही चालत." मालकांनीही मान हलवली. तुम्ही चष्मा पदरानं पुसत म्हणालात, "हिले माझ्याजवळ बसवा. मी पाहून घेईन."

काहून, ते तुम्ही कधीच सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

मग मी तुमच्या शेजारी बसले, ती नियमातलं वर्ष संपल्यावरही उठले नाही. मॅनेजरांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. एकदा वाचता वाचता मी डोळे पुसले, तर तुम्ही कडाडलात, "रडाचं घरी जाऊन वं! अनुस्वार सुटला ना!" संध्याकाळी मात्र मला सीताबर्डीच्या मागच्या आपल्या खोलीवर घेऊन गेलात. स्टोव्हवर बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात शिजत होता आणि माझी टकळी चालूच. तुम्ही भातावर कढत फोडणी ओतलीत आणि म्हणालात, "जेव आता. पूर्णविराम." घरात पाट एकच होता. तो मला दिलात आणि स्वतः जमिनीवर बसलात. तेव्हा मला वाटलं, किती साध्या आहेत बाई.

तुमची फार आठवण येते. तुम्ही देवाघरी गेल्यावर मला जोडी अशी मिळालीच नाही. ज्याला वेळ असेल तो येऊन वाचतो आणि उठून जातो. कुणी मला रागावत नाही, कुणी कुठं जेवायला नेत नाही. मी आता रागावण्याच्या वयाची झाले, पण रागावायलाही शेजारी कोणी बसावं लागतं.

आजची पोरगी पारशिवनीची. अडखळत वाचते, जोडाक्षर आलं की थबकते. मॅनेजर मला म्हणाले, "कशाले डोक्याले ताप घेता जी? ओळी खाते ते." खरं होतं. मी तरीही म्हणाले, माझ्याजवळ बसवा.

हे पत्र काही पोस्टात पडणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. त्या पोरीत मला काही गुण दिसला नाही. 'पूर्णविराम' म्हणताना तिचा आवाज तुमच्यासारखा खाली उतरला, एवढंच. ती उद्या येईल. घरी परतताना मी बाजारातून एक पाट आणला. माझ्याकडेही एकच होता, बाई.