झरा ट्रास्कांना द्यावा की न द्यावा

मी, थर्झा पेटिग्रू, वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, राहणार लोन विलो दरी, नेब्रास्का, स्वहस्ते लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. कुणी दमदाटी केलेली नाही. केली असती तर त्याचेच हाल झाले असते. पोटात गाठ आहे. मंगळवारी गावातला डॉक्टर ती कापणार. उठले तर देवाची कृपा, नाही उठले तर हा कागद. कायद्याचे शब्द पाद्री ओबेद क्लॅप समोर बसून सांगत आहेत. ते चार महिन्यांतून एकदा येतात आणि आले की माझी एक कोंबडी कमी होते. बाकीचे शब्द माझे.

एक. ओहायोतला माझा भाऊ सायलस मला निरोप देताना म्हणाला होता, "तिकडचे लांडगेसुद्धा तुला परत पाठवतील." त्याला माझा लाल कोंबडा द्यावा. तो माणूस दिसला की टोचतो. सायलसला दुसरे काहीही मिळू नये. कागद न करता मेले तर सगळे त्यालाच जाते, म्हणून ही खटपट.

दोन. नांगर, कुदळ आणि ज्या पात्याने गवताळ मातीची ढेकळे विटांसारखी कापून मी हे घर एकटीने रचले ते पाते, दरीत पुढे येईल त्या एकट्या बाईला द्यावे. तिला सांगावे, छतातून साप पडतो. किंचाळून उपयोग नाही, फावडे जवळ ठेवावे.

तीन. माझे भजनांचे पुस्तक पाद्रीसाहेबांना. हे कलम रद्द. ते या कागदाचे साक्षीदार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे तेच म्हणाले. आधी सांगायचे होते, शाई वाचली असती.

चार. माझी एकशे साठ एकर जमीन आणि तिच्यातला झरा शेजारी एबेन ट्रास्क यांना. त्यांना घेता आला नाही तर प्रार्थनाघराला. ट्रास्क विधुर आहेत. नव्वद फूट खणूनही त्यांच्या विहिरीला पाणी लागले नाही. सहा वर्षे ते माझ्या झऱ्यावरून पिंपे भरून नेतात आणि तीनदा मला मागणी घातली आहे. तिसऱ्यांदा म्हणाले, "बायबलात याकोबानं राहेलीसाठी विहिरीवरची धोंड लोटली होती, थर्झाबाई." मी म्हटले, "याकोबाला ओढ राहेलीची होती, ट्रास्क. तुम्हाला पाण्याची." त्यावर ते पिंप भरू लागले. जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना करतात की रस्सा गार होतो, पण अशा वेळी यांना शब्द सुचत नाही.

इथवर लिहिले आणि ट्रास्क पिंपे घेऊन आले. कागद त्यांच्या हातात दिला.

"वाचा. झरा तुमचा. आता लग्नाची कटकट नाही."

त्यांनी ओठ हलवत सगळे वाचले. "साक्षीदार दोन लागतात ना? दुसरा कोण?"

"दरीत दुसरं कोण उरलंय? वाटेत भेटला कुणी तर बघू."

"आणि नाही भेटला तर?"

"तर सायलस."

"द्या ती लेखणी."

पाद्रीसाहेब चटकन उठले. "अहो ट्रास्क, सही केलीत तर झरा गेला! तिसरं कलम वाचलंत ना?"

"वाचलं. सहा वर्षं बाई विचारतायत, मी हवी की पाणी. मला बोलता येत नाही, पाद्रीसाहेब. सही येते."

पाच. पाद्रीसाहेबांनी मी गावाहून येईपर्यंत दरी सोडू नये. कोंबड्या आहेत. बाईने लग्न केले की तिचे आधीचे मृत्युपत्र रद्द होते, असे तेच आत्ता म्हणाले. हा कागद रद्द करायचा माझा पुरता इरादा आहे. माझ्या हातातले मी करीन, उरलेले देवाने आणि डॉक्टरने बघावे.

वरील मजकूर दोघा साक्षीदारांसमोर वाचला, मान्य आहे. पैकी एक नाक शिंकरत होता.

थर्झा पेटिग्रू

साक्षीदार: ओबेद क्लॅप, पाद्री
साक्षीदार: एबेन ट्रास्क (डाग शाईचा नाही)

लोन विलो दरी, झावळ्यांचा रविवार, १४ एप्रिल १८८९