भिंत माझी, उंदीर तुमचे

प्रिय जाड्या,

आधी बातमी सांगतो, कारण तू विचारणार नाहीस. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीचं बाळ आज दवाखान्यातून घरी आलं. उंदराने कुरतडलेला पायाचा अंगठा काही वाचला नाही. बाई रडत नव्हती. बाळाला मांडीवर घेऊन मशीन चालवत होती. त्याला खाली ठेवायची आता तिची छाती होत नाही.

गेल्या आठवड्यात ती दवाखान्यातून बाळाचे कपडे न्यायला आली, तेव्हा तू मला घेऊन तिच्या दारात उभा होतास. म्हणालास, "तुम्ही राहायला आलात आणि उंदीर आले. त्याआधी इथे शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं." ती म्हणाली, "माझे डबे उघडून बघा. ते भिंतीतून येतात. आणि मी भाडं देते, त्यात भिंतही आली." त्यावर तू हसलास, "भिंत माझी, उंदीर तुमचे!" शाळेपासून तुझ्या जिभेला धार आहे. मला मात्र हसू आलं नाही.

खोली रिकामी करून घ्यायला तू तिच्यावर दावा लावलायस, आणि आता कोर्टात मी सांगायचं, की भाडेकरूच्या घाणीमुळे उंदीर झाले. म्हणजे तिला बाहेर काढायला तू मोकळा. "एवढं करशील ना, उंदीरवाल्या?" अरे, डोक्यावर पिंजरे घेऊन फिरायचो तेव्हा पहिलं काम तूच दिलंस. विसरलेलो नाही. पण या धंद्यात औषधापेक्षा कान जास्त लागतात. भिंतीतली खुडबुड ऐकावी लागते, तसं मालक काय बोलून जातो तेही. मला बोलावताना फोनवर तू म्हणालास, "त्या खोलीत पुन्हा सुरू झालंय बघ." पुन्हा! मग मी शेगडीमागची भिंत खरवडली. तुझ्या नव्या रंगाखाली बुजवलेलं जुनं बीळ निघालं, सिमेंटात काचा घातलेलं. बाजूने उंदरांनी नवी वाट केली होती. तुला सगळं ठाऊक होतं. खोली देताना तू तिला फक्त रंग दाखवलास.

हे पत्र हातोहात पाठवतोय ते एवढ्यासाठी, की उद्या कोर्टात मी तिच्या बाजूने बोलणार आहे, आणि ते तुला आधी माझ्याकडूनच कळावं. फोन केला असता तर तू काहीतरी विनोद केला असतास आणि मी विरघळलो असतो. गवंडी आजच पाठव. त्याने माझं बोलणं बदलणार नाही, पण बाळ तिथेच झोपतं. यापुढे तू मला दारात उभं करणार नाहीस, हे धरूनच चाललोय. वहिनींनी विचारलं, तर मात्र त्यांना खरं कारण सांग.

तुझाच, अजून तरी,
उंदीरवाला